मदत हवी आहे: सेमिनरीत इब्री-ग्रीक शिकवताना वर्ड, मूडल आणि फोन यांची मोट कशी बांधावी?

शब्दसाधक:
मराठी माध्यमाची सेमिनरी, बी.टीएच.चं (ईश्वरविज्ञानाच्या पदवीचं) पहिलं वर्ष, २६ विद्यार्थी. सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन, पण वसतिगृहात संध्याकाळनंतर नेट नावालाच. तीन ठिकाणी अडलंय.

१) वर्डमध्ये मराठी वाक्यात इब्री शब्द टाकला की स्वरांचे ठिपके अक्षराखालून सरकतात. त्या शब्दापुढे अध्याय-वचन लिहिलं तर अंक उडी मारून शब्दाच्या डावीकडे जातात.
२) मूडल (वर्गाचं साहित्य आणि चाचण्या ठेवायची प्रणाली) नेटशिवाय चालवायचं आहे. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक हाताशी आहे.
३) मूडलच्या 'शॉर्ट आन्सर' (उत्तर टाइप करायच्या) चाचणीत बरोबर उत्तरांनाही शून्य मिळतंय.

लिपीकार:
पहिल्याचं मूळ वर्डच्या कप्प्यांत आहे. देवनागरी आणि इब्री या दोन्ही लिपी त्याच्या लेखी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट', आणि दोघींना मिळून फॉन्टचा कप्पा एकच. तिथे मंगल हा देवनागरी फॉन्ट असेल तर इब्रीलाही मंगलच लागतो. त्यात इब्री अक्षरं नाहीत, म्हणून वर्ड परस्पर दुसरा फॉन्ट उसना आणतो, आणि त्यात ठिपके नीट बसवायची सोय असेलच असं नाही. लिबरऑफिसमध्येही हीच गत, तिथे कप्प्याचं नाव सीटीएल.

उपाय: इब्रीसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल करा. न्यू स्टाइल, प्रकार 'कॅरेक्टर', मग फॉरमॅट > फॉन्ट. बदल वरच्या लॅटिनच्या चौकटीत नाही, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या चौकटीत करायचा. निम्मे लोक इथेच चुकतात. फॉन्ट एझ्रा एसआयएल (मोफत, खुला परवाना), आकार मराठीपेक्षा दोन पॉइंट मोठा, नाहीतर ठिपके वाचता येत नाहीत. वर्गात वाटताना पीडीएफच वाटा. डॉक्स फाइल फोनवर उघडली की फॉन्ट नसतो आणि सगळं मुसळ केरात.

ग्रीकला हा त्रास नाही, तिचा कप्पा लॅटिनबरोबर. तिथे जेंटियम फॉन्ट लावा.

अंकांची उडी हा उजवीकडून डावीकडे लिहायच्या नियमाचा भाग आहे. इंग्रजी अंकांना स्वतःची पक्की दिशा नसते, ते आधीच्या इब्री शब्दाच्या ओढीत सापडतात. देवनागरी अंकांना मात्र युनिकोडनं डावीकडून उजवीकडे अशी पक्की दिशा दिली आहे. म्हणून संदर्भ 'उत्पत्ती १:१' असे देवनागरीतच लिहा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. इंग्रजी अंक हवेच असतील तर इब्री शब्दानंतर दिशाचिन्ह (न दिसणारं, दिशा सांगणारं अक्षर) घाला: लिबरऑफिसमध्ये इन्सर्ट > फॉरमॅटिंग मार्क > लेफ्ट-टू-राइट मार्क. कंसाची उलटापालटही त्यानंच थांबते.

तारजोड:
पायसाठी मूडलबॉक्स (मूडल आधीच बसवलेली यंत्रणा) या नावाची तयार डिस्क इमेज आहे. ३२ जीबीच्या कार्डवर ती उतरवली की पाय स्वतःचं वायफाय देतो आणि फोनच्या ब्राउझरमध्ये मूडल उघडतं. मूळ पासवर्ड जाहीर कागदपत्रांत छापलेले आहेत, पहिल्या दिवशीच बदला. २६ फोन पायच्या अंगच्या वायफायवर लटकवू नका. लॅन केबलनं साधा राउटर जोडा आणि वायफायचं काम त्याच्यावर सोपवा.

खरी अडचण वेगळीच. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली आणि नेट नसेल तर तो शेवटच्या नोंदलेल्या वेळेपासून पुढे मोजतो. सोमवारी दहाला उघडायची चाचणी मग उघडतच नाही आणि सगळे मूडलला शिव्या घालतात. डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मोड्यूल बसवा किंवा प्रत्येक वेळी मूडलबॉक्सच्या पानावरून तारीख-वेळ भरा. चालू असताना वीज गेली तर कार्डही खराब होतं, तेव्हा छोटा यूपीएस हवाच, आणि आठवड्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर.

व्याख्यानांचा नुसता आवाज ठेवा. ओपस फॉरमॅट, मोनो, ३२ केबीपीएस: ४५ मिनिटांचा तास सुमारे ११ एमबीत मावतो.

नुक्ताचिनी:
तिसऱ्याबद्दल. शून्य कुठल्या उत्तरांना मिळतंय? मराठी अर्थ टाइप करायला लावत असाल तर दोन संशयित आहेत.

एक, शुद्धलेखन. जुन्या छापील बायबलात 'प्रीति', आजचा विद्यार्थी लिहितो 'प्रीती'. मूडलला हे दोन वेगळे शब्द. उत्तरात 'प्रीत*' असं द्या, फुलीपुढे काहीही चालतं. (मग 'प्रीतम'लाही पूर्ण गुण, तेवढं चालवून घ्या.)

दोन, चंद्रकोरीचा र. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, किंवा नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर फरक दिसत नाही, आत अक्षरं वेगळी. 'द*या' द्या.

पहिल्या सत्रात ग्रीक-इब्री टाइप करायला लावूच नका. फोनच्या ग्रीक कीबोर्डवर आधुनिक ग्रीक येतं, श्वासचिन्हं नाहीत. जोड्या लावा किंवा पर्याय द्या. टाइप हवंच तर कीमन ॲपमध्ये पॉलिटॉनिक (सगळ्या चिन्हांसह जुन्या) ग्रीकचे आणि बायबली इब्रीचे कीबोर्ड आहेत. रोजच्या पाठांतराला अंकी (Anki) हे उजळणीच्या पत्त्यांचं ॲप. तिथे साच्यात 'टाइप'पुढे 'एनसी' जोडलं की चिन्हांची चूक माफ होते.

शब्दसाधक:
चंद्रकोरीचा रच निघाला. अर्ध्या वर्गाकडे एक कीबोर्ड, अर्ध्याकडे दुसरा. आता शेवटचं: मूळ पाठ आणि मराठी पाठ शेजारी शेजारी मूडलवर चढवायचे आहेत. परवान्याचं काय?

लिपीकार:
अख्खा पाठ चढवायची गरज नाही. अँडबायबल ॲपमध्ये ओएसएचबी हा इब्री आणि एसबीएलजीएनटी हा ग्रीक पाठ एकदा उतरवला की दोन्ही नेटशिवाय चालतात. संगणकासाठी केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल, त्याचीही ऑफलाइन आवृत्ती मिळते.

मराठीत बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या पाठांवर हक्क राखीव आहेत. पूर्ण पाठासाठी लेखी परवानगी मागा. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेला अनुवाद १९२४ चा, त्यांचं निधन १९२२ चं, आणि आपल्याकडे हक्क निधनानंतर ६० वर्षं (मरणोत्तर छापलेल्याला प्रकाशनानंतर ६०), त्यामुळे तो मोकळा आहे. शब्दशः धाटणीमुळे इब्रीच्या वर्गात तो तसाही जास्त उपयोगी पडेल.