आईचा तोल जातोय: खानापूर-बेळगाव भागात फिजिओ कुणाकडे, व्यायाम कोणते?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. आई ७३ वर्षांची, गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. मी नोकरीमुळं पुण्यात, घरी भाऊ आणि वहिनी. या पावसाळ्यात आई दोनदा पडली. पहिल्यांदा परसातून न्हाणीघराकडं जाताना, शेवाळावर पाय सटकून. ते कळतं. दुसऱ्यांदा मात्र घरातच, कोरड्या फरशीवर, माजघरातून देवखोलीकडं जाताना. तिथं ना पाणी ना काही. एक्स-रेत हाड शाबूत आहे. साखर जुनी आहे, बीपीची गोळी चालू. डॉक्टरांनी कागदावर 'फिजिओथेरपी' एवढंच लिहून दिलं.

तेव्हापासून ती भिंत धरून चालते. अंगणात उतरत नाही, शेजारच्या भजनालाही जात नाही. ती उठायला लागली की वहिनी धावते, 'आत्ती, बसा तुम्ही, मी देते.' प्रेमानं करते, पण आईचं उठणंच संपत चाललंय.

बेळगावात कुणाकडं न्यावं? घरी येऊन शिकवणारं कुणी मिळेल का? आईला मराठीच येतं, कन्नड जेमतेम. तोवर घरी काय करता येईल?

शहापूरची_सून
आधी एक सांगते, फिजिओ म्हटलं की आपल्याकडं लोक मशीन समजतात. माझ्या सासऱ्यांचा तोल जायचा म्हणून एका ठिकाणी नेत होतो, नाव घेत नाही. गेलं की खाटेवर आडवं करायचे, गुडघ्याला करंट, मग शेक, पैसे द्या, घरी जा. गुडघा हलका वाटायचा, तोल होता तिथंच. पुढं दुसऱ्या एका बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी उभं केलं, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, घड्याळ लावून चालवलं. मामंजी आधी चिडले, 'मी काय शाळेत आहे काय?' म्हणाले. पण फरक तिथूनच पडला.

म्हणून कुठंही न्या, पहिल्या दिवशी बघा: उभं करतात की आडवं.

गावठी_इलाज
७३ वर्षांच्या बाईला हात न टेकता उठायला लावायचं? पडून खुबा मोडला की मग? त्यापेक्षा तिळाच्या तेलानं पाय चोळा, विश्रांती द्या. आमच्या आज्ज्यांनी कुठं फिजिओ केलं होतं?

वडगावचा_आण्णा
तुमच्या आज्ज्या रोपं लावत होत्या वो चिखलात, दिवसभर वाकून, उखळात कांडत होत्या. त्यांना येगळा व्यायाम कशाला पायजे? आमच्या आईला बी पडल्यावर घरच्यांनी बसवून ठेवलं, तर मांड्यांचं मांसच गेलं. आता फिजिओच्या मास्तरीणबाई घरी येत्यात, रोज उठबस करून घेत्यात. मस्त चालूलालीय.

फिजिओ_टिळकवाडी
मी यातलीच आहे. नेटवरून तपासणी होत नाही, तरी काही गोष्टी सांगते. त्या घेऊन जा, जिथं न्याल तिथं उपयोगी पडतील.

तेल चोळायला हरकत नाही, बरं वाटतं. पण तोल हे चालताना, वळताना, उभं राहूनच सुधारणारं काम आहे. यावर भरपूर अभ्यास झालाय. २०१९ साली कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं, १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यात घरी राहणाऱ्या वयस्कर माणसांचं पडणं व्यायामानं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. सगळ्यात भरवशाचा निघाला तो तोल सांभाळायचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम. नुसतं चालणं पुरेसं असल्याचा तसा पुरावा नाही. न्यूझीलंडचा ओटागो कार्यक्रम याच कामासाठी आखलाय: पायांची ताकद, तोल आणि सोबत चालणं, फिजिओनं घरी येऊन शिकवायचं आणि माणसानं आठवड्यातून तीनदा स्वतः करायचं.

'पडली तर' ही भीती खरी आहे, म्हणूनच स्वयंपाकाच्या ओट्याजवळ करायचं. ओट्याकडं तोंड, पाठीमागं खुर्ची, सोबत घरचं माणूस. आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक हात, मग एक बोट. ते बोट उचलायची घाई नको, पण ते कायमचं ठेवायचंही नाही. जराही डगमगत नसेल तर त्या व्यायामानं तोल शिकत नाही.

मला मात्र तुमच्या आईंचं दुसरं पडणं जास्त खटकतंय. तीन गोष्टी विचारून सांगा. कुशीवर वळताना किंवा वर बघताना घर गरगरतं का? अंथरुणातून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते का? आणि त्या दिवशी उजेड किती होता?

जांबोटी_रोड
भावाला फोन करून विचारलं. गरगरत नाही. अंधारी कधीमधी, सकाळी. त्या दिवशी संध्याकाळ होती, लाइट गेलेली, ती देवापुढं दिवा लावायला निघाली होती. आणि विचारल्यावर आई म्हणाली, 'चप्पल पायातून निसटलेली कळत नाही रे, कापसावर चालल्यागत वाटतंय.' हे तिनं आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं.

फिजिओ_टिळकवाडी
मग धागा सापडला म्हणायला हरकत नाही, पक्कं डॉक्टरच करतील. तोल तीन गोष्टींवर चालतो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपायांची-सांध्यांची जाणीव. जुन्या साखरेनं तळपाय बधिर झाले असतील तर त्यांचं काम डोळे करतात. उजेडात चालून जातं. लाइट गेली की डोळेही गेले, आणि माणूस कोरड्या फरशीवर पडतं. आम्ही पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला लावतो, ते हेच बघायला. हे घरी एकट्यानं करून बघू नका.

डॉक्टरांना मुद्दाम सांगायचं:

तळपायाची जाणीव तपासा. नायलॉनच्या बारीक तंतूनं टोचून बघतात, दोन मिनिटांचं काम. बी१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करा, कारण साखरेची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असली की ते कमी होऊ शकतं, आणि त्यानंही पाय बधिर होतात. घरी माळकरी, म्हणजे शाकाहारी जेवण असेल तर हे आधी करा.

बीपी झोपवून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर सकाळच्या अंधारीचं कारण तिथं आहे. मग गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची का ते डॉक्टर ठरवतील. स्वतःहून बंद करू नका. झोपेची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, रात्रीच्या पडण्यात तिचा हात पुष्कळदा असतो.

डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर रखडवू नका. आणि वाचायची-लांबचं बघायची अशी दुहेरी काच घालून पायऱ्या उतरायच्या नाहीत, खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते.

निपाणीकर
आमच्या बाबांना आम्ही कोल्हापूरला नेलं, निपाणीहून तेच जवळ पडतं. व्यायामाचं वर आलंय, मी घराचं सांगतो, कारण आमची अर्धी लढाई मोरीतच होती.

धरायचा दांडा टॉवेल अडकवायच्या दांड्यासारखा नको, तो अंगाचा भार घेत नाही. स्टीलचा जाड घ्या आणि भिंतीत खोल बोल्ट मारून बसवा. आमची भिंत जुनी, माती-दगडाची, त्यात बोल्ट धरेना. मग गवंड्यानं जमिनीपासून वरच्या तुळईपर्यंत लोखंडी पाइप उभा केला, खाली काँक्रीट भरलं. दिसायला खांब, पण बाबा तो धरून उठतात-बसतात. अंघोळ बसून, प्लास्टिकच्या जड स्टुलावर. हलका स्टूल ओल्यात सरकतो. न्हाणीघराच्या वाटेवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं, पावसाळ्यात सारखं करावं लागतं.

उंबरठा काढायला आमची आई तयार झाली नाही. मग त्याच्या कडेला पिवळा पट्टा ओढला आणि वर चार्जिंगचा दिवा लावला, लाइट गेली की आपोआप लागतो. तुमच्या घरी तर तो आधी लावा.

शहापूरची_सून
आणि साडी! नऊवारी असो की गोल, ओला काठ पायात येतो. घोट्याच्या वर खोचायची. घरात सैल स्लिपर नको, मागं पट्टा असलेली चप्पल घ्या. पाय बधिर असतील तर अनवाणीही नको, काही टोचलेलं कळत नाही.

फिजिओ_टिळकवाडी
कुठं न्यायचं: नेहरूनगरात केएलई संस्थेचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटलच्या आवारातच. एकाच जागी साखर, डोळे, फिजिओ सगळं उरकायचं असेल तर सोयीचं. खर्च नको असेल तर बिम्सला, म्हणजे आपल्या सिव्हिलला आधी विचारा. भाषेचं म्हणाल तर बेळगावात मराठी बोलणारं कुणी ना कुणी मिळतंच, पण केसपेपर काढतानाच सांगा. सूचना न कळता नुसती मान हलवणारा पेशंट घरी जाऊन काहीच करत नाही. खानापुरातही फिजिओ आहेत, आठवड्यातून घरी येतील का ते विचारून बघा. जवळचा आणि नियमित येणारा असेल तर तोच बरा.

काही अडलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मोफत हेल्पलाइन आहे.

पहिल्या दिवशी साधारण काय व्हायला हवं: खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन वळून परत बसायला किती वेळ लागतो ते मोजतात, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात. अर्ध्या मिनिटात किती वेळा हात न टेकता उठता येतं, एका पावलापुढं दुसरं पाऊल टेकवून १० सेकंद उभं राहता येतं का, हेही बघतात. हे आकडे वहीत लिहून घ्या, महिन्यांनी तेच बोलतात.

तोवर घरी, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर: खुर्चीतून उठबस, ओटा धरून टाचा उचलणं, पाय बाजूला नेणं, ओट्याच्या कडेनं खेकड्यागत आडवं चालणं. जेवणानंतर लगेच नको. आणि वहिनींना माझा निरोप द्या: पाण्याचा तांब्या आणून देऊ नका, त्यांच्यासोबत चालत जा.

वडगावचा_आण्णा
बसचं बी बोला की. खानापूर-बेळगाव बाईमाणसांना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत फुकट हाय, पण पयली पायरी केवढी उंच! आमच्या आईला मास्तरीणबाईंनी घरच्या जोत्यावर पायरीची सवय लावली. चढताना चांगला पाय पयला, उतरताना दुखरा पयला. कंडक्टरला थांबा म्हणून सांगायला लाजायचं न्हाई.

गावठी_इलाज
बरं, मानलं. पण पुन्हा पडल्याच तर? उचलायचं कसं?

फिजिओ_टिळकवाडी
हे चांगलं विचारलंत. काखेत हात घालून ओढून उभं करायचं नाही. आधी तसंच पडून राहू द्या, विचारा कुठं दुखतंय. मांडीच्या सांध्यात कळ असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळला असेल तर हलवू नका, १०८ ला फोन. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या.

काही नसेल तर कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत. दोन्ही हात खुर्चीवर, भक्कम पाय पुढं टेकवून वर. हे फिजिओकडून आधीच शिकून ठेवावं. जमिनीवरून उठता येतं हे एकदा कळलं की भीती बरीच उतरते.

जांबोटी_रोड
सगळ्यांचे आभार. चार्जिंगचा दिवा भावानं आणला. बेळगावला नेणार आहोत, बी१२ आणि उभं राहून बीपी लिहून दिलंय त्याच्याकडं. एकच राहिलं: शेजाऱ्यांनी काठी दिलीय, वडिलोपार्जित, बांबूची. ती चालेल का? आईचा डावा गुडघा जास्त दुखतो.

फिजिओ_टिळकवाडी
मग काठी उजव्या हातात, आणि डाव्या पायासोबत पुढं टाकायची. चपला घालून सरळ उभं करा, हात सैल सोडा, मनगटाची घडी जिथं येते तिथवर काठीची मूठ हवी. बांबूची उंच असेल तर खालून कापून घ्या, पण टोकाला रबर नसेल तर फरशीवर ती वापरू देऊ नका. रबर औषधाच्या किंवा सर्जिकल दुकानात मिळतं. काठी सोबत न्या, नाहीतर मापाचं मिळत नाही. खालच्या रेघा झिजल्या की बदलायचं.