प्रोटीन डोनट रबरासारखे होतात, प्रमाण कुठं चुकतंय?

जुळे_सोलापूर_किचन:

ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) बेक केलेले प्रोटीन डोनट करतेय, तळायचे नाहीत. सध्याचं प्रमाण: ओट्सचं पीठ ६० ग्रॅम, व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर) दोन स्कूप (६० ग्रॅम), एक अंडं, एक पिकलेलं केळं, दूध ६० मिली, बेकिंग पावडर एक चमचा. साखर, तेल, तूप काही नाही. सहा खणांचा नॉनस्टिक साचा, १८० वर २० मिनिटं.

वरून चिवट साल येते, आत रबर. गार झाले की आणखी घट्ट. भोकाभोवतीचा भाग साच्यालाच राहतो.

व्हे कमी करा असं सगळे सांगतात, पण मग त्याला प्रोटीन डोनट म्हणायचं कशाला? परदेशी पिठं नकोत, इथल्या भुसारी दुकानात मिळेल तेच सांगा. आणि सासूबाई अंडं खात नाहीत, तर बिनअंड्याचा पर्यायही हवा.

काटातोल:

ताई, तुमच्या कोरड्या जिन्नसात निम्मं व्हे आहे. घोळ तिथंच आहे, बाकीच्या चुका त्याच्या मागून आल्या.

व्हे म्हणजे पीठ नव्हे. त्यात स्टार्च नाही, त्यामुळे ते पाणी धरून ठेवत नाही. साधारण ७० अंशांच्या पुढं त्यातलं प्रोटीन गोठायला लागतं, आणि जास्त तापलं की आवळून आतलं पाणी बाहेर टाकतं. अंडं जास्त उकडलं की पांढरा भाग चिवट होतो, तेच इथं घडतं. साखर आणि स्निग्धांश असले तर हे आवळणं कमी होतं. तुम्ही दोन्ही काढून टाकलंत आणि वर २० मिनिटं भाजलंत.

पीठ आणि व्हे मिळून जेवढं वजन, त्याच्या पाव भागापेक्षा जास्त व्हे नको. उरलेलं प्रोटीन दुसरीकडून आणायचं. आठ डोनटांसाठी:

कणीक ६० ग्रॅम
डाळ्याचं पीठ ४० ग्रॅम
व्हे कॉन्सन्ट्रेट ३० ग्रॅम (एक स्कूप)
भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट ३५ ग्रॅम
चक्का १२० ग्रॅम
अंडी २
बारीक गूळ ५० ग्रॅम
दूध ३० मिली, लागलं तर आणखी १५
बेकिंग पावडर दीड चमचा (छोटा), सोडा दोन चिमटी, मीठ पाव चमचा, जायफळ किंवा वेलची

यात तेल नाही, कारण कुटातच १७ ग्रॅमच्या आसपास तेल आहे. तेल घातलं असतं तर नुसता ओलावा मिळाला असता, कुटातून वर ९ ग्रॅम प्रोटीनही येतं. शेंगा चटणीला कुटतो तसं तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये करणार असाल तर थांबत थांबत फिरवा.

हिशेब: व्हे २३, अंडी १२, चक्का ९, कूट ९, डाळं ८, कणीक ७, दूध १. बेरीज ६९, म्हणजे डोनटामागे साडेआठ ग्रॅम. तुमच्या जुन्या प्रमाणात साडेदहाच्या आसपास येत होतं. फरक दोन ग्रॅमचा, आणि तो वरच्या थरात भरून निघतो: ८० ग्रॅम चक्का, १५ ग्रॅम व्हे आणि १५ ग्रॅम पिठीसाखर फेटून गार डोनटावर लावा. हा थर भट्टीत जात नाही, त्यामुळे इथलं व्हे आवळत नाही. डोनटामागे आणखी दोन ग्रॅम आले. थरासकट एक डोनट पावणेदोनशे कॅलरीच्या आसपास जातो.

कृती. गूळ दुधात विरघळवून गाळून घ्या, खडा राहिला तर तिथं काळा डाग पडतो. त्यात चक्का, अंडी, कूट फेटा. सगळी पिठं आणि व्हे एकत्र दोनदा चाळून घ्या. व्हे न चाळता घातलं की त्याच्या गाठी होतात आणि त्या भाजल्यावर दाताखाली कचकन लागतात. कोरडं ओल्यात घातलं की कालथ्यानं १५-२० वेळा वरखाली करा आणि थांबा. चमच्यातून पीठ जाड धारेनं पडलं पाहिजे, ती घडी भांड्यात दोन-तीन सेकंद दिसून विरली पाहिजे. लगेच विरली तर पातळ, तशीच राहिली तर घट्ट.

साच्याला तूप आणि वर पिठाची भुकटी, मधल्या खुंटीला विसरू नका. तुमचं चिकटतंय ते बहुतेक तिथंच. केळ्याची साखर खुंटीला लागून करपते आणि धरून बसते. दुधाच्या रिकाम्या पिशवीत पीठ भरून कोपरा कापा आणि खण दोनतृतीयांश भरा. जास्त भरलं तर भोक बुजतं.

ओटीजी १७० वर १५ मिनिटं आधी तापवा. मधला रॅक, दोन्ही रॉड. १० व्या मिनिटाला पहिल्यांदा बघा. कड साच्यापासून केसभर सुटलेली, बोटानं दाबलं की वर येतंय, काडीला दोनचार ओलसर कण लागतायत, बस्स, काढा. काडी कोरडी निघेपर्यंत थांबलात तर आत परत तेच. पाच मिनिटं साच्यात, मग जाळीवर.

ओटीजी_वाला:

काटातोल यांचं बरोबर. यंत्राबद्दल थोडं माझ्याकडून.

ओटीजीच्या डायलवरचा आकडा आणि आतलं तापमान यात २०-२५ अंशांचा फरक सर्रास असतो. आत ठेवायचं थर्मामीटर घ्या, नाहीतर १७० आणि १९० यावर इथं नुसती चर्चाच होत राहील.

मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन असेल तर १६० ठेवा, पंखा वाळवतो. एअर फ्रायरमध्ये १५० आणि ८-९ मिनिटं, तरी वरची साल जाडच येते, मला तो यासाठी पसंत नाही. सिलिकॉनचा साचा उष्णता हळू घेतो, त्याला दोन मिनिटं जास्त लागतात आणि खालून रंग येत नाही. रंगासाठी म्हणून तापमान वाढवू नका.

सहा खणांचा साचा आणि आठांचं पीठ, तर उरलेलं अप्पेपात्रात घाला. मंद आचेवर झाकण ठेवून चार मिनिटं, उलटून दोन. भोकाविना डोनट, पण चवीत काही कमी नाही.

कडकभाकरी:

सोलापुरात बसून कणकेचे डोनट? ज्वारी चालेल का सांगा की ओ. घरात मालदांडीचं पीठ कायम असतं.

काटातोल:

चालेल, पण ६० ग्रॅम कणकेपैकी ३० ग्रॅमच ज्वारी. तिच्यात ग्लुटेन (गव्हातलं बांधून धरणारं चिकट प्रोटीन) नाही, पूर्ण ज्वारीचा डोनट साच्यातून काढतानाच मोडेल. प्रोटीन १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कणकेपेक्षा किंचित कमीच, आणि ज्वारीचं प्रोटीन ओलं शिजवलं की पचायला थोडं जड होतं. तेव्हा ज्वारी चवीसाठी घाला, प्रोटीनसाठी नको.

आणि ती रवाळ लागते. चक्का, दूध, गुळात ज्वारीचं पीठ २० मिनिटं भिजवून ठेवा. बेकिंग पावडर आणि सोडा मात्र अगदी शेवटी, साचा भरायच्या आधी. चक्क्याचा आंबटपणा आणि आपल्याकडचा उन्हाळा, सोडा भांड्यातच फसफसून संपतो. पीठ मिसळल्यापासून १० मिनिटांत आत गेलं पाहिजे.

जुळे_सोलापूर_किचन:

डाळं आणि बेसन एकच ना? घरात बेसन आहे.

भुसार_भाव:

एक नाही. बेसन कच्च्या हरभरा डाळीचं, १२ मिनिटांत त्याचा कच्चा वास जात नाही. डाळं आधीच भाजलेलं असतं. मंगळवार पेठेत कुठल्याही भुसारी दुकानात सुटं मिळतं, घ्यायच्या आधी एक दाणा चावून बघा: कुरकुरीत आणि गोडसर हवा, मऊ पडलेला नको. घरीच दळून चाळा, विकतच्या पिठात भेसळीचा संशय राहतो. सोयाबीनच्या पिठात प्रोटीन बरंच जास्त, पण गोड पदार्थात त्याचा वास झाकत नाही. २० ग्रॅमच्या वर नकोच.

दूध पावडर व्हेच्या जागी घालायचा सल्ला कुणी देईल. स्निग्धांश काढलेल्या पावडरीत प्रोटीन ३५ टक्के आणि साखर ५० टक्के असते, त्यामुळे वरून लवकर लाल होतं आणि आत कच्चं राहतं.

सूर्यफुलाच्या बियांचं कूटही सोड्याबरोबर नको. गार झाल्यावर आतून हिरवट दिसतात. खाल्ले तर काही होत नाही, पण पाहुण्यांना ते पटवत बसावं लागतं.

जवसताई:

बिनअंड्याचं सांगते. नुसती अंडी वगळून भागत नाही, बांधणी कुठूनतरी आणावी लागते. कणीक ८० ग्रॅम करा, डाळं ३०, व्हे २० वर आणा. चक्का १८० ग्रॅम. जवस किंचित भाजून पूड करा, १० ग्रॅम पूड ३० मिली गरम पाण्यात १० मिनिटं भिजवा, बुळबुळीत झाली की मिश्रणात. बाकी सगळं तेच, दूधही तेवढंच. इथं कालथा थोडा जास्त फिरवला तरी चालतो, हवा धरायला ग्लुटेनच आहे. १६५ वर १४ मिनिटं. थरासकट डोनटामागे नऊ ग्रॅमच्या आसपास बसतं.

चक्का घरीच करायचा तर किलोभर दह्याचा साधारण ४०० ग्रॅम पडतो. एप्रिल-मेमध्ये फडकं बाहेर टांगू नका, रात्रीत आंबट ढाण होतं. चाळणीत फडकं, खाली भांडं, फ्रिजमध्ये. खाली उतरलेलं पाणी दुधाऐवजी वापरा. आंबट असेल तर सोडा एक चिमूट वाढवा, त्यापुढं गेलात तर साबणासारखी चव येते.

मधुमेह असलेल्यांसाठी गूळ म्हणजे साखरच, प्रमाण तेच धरा. आणि किडनीचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्हे देऊ नये.

जुळे_सोलापूर_किचन:

दोनच शंका. यीस्ट घालून हलके होतील का? आणि एकदम १६ करून ठेवले तर?

ओटीजी_वाला:

यीस्टचा डोनट वेगळा पदार्थ. त्यात व्हे घातलं की कणकेची ताण धरायची ताकद कमी होते, फुगणं मंदावतं, आणि बेक केल्यावर तो गोड पावच लागतो. या प्रमाणात यीस्ट नको.

दुप्पट करणार असाल तर ओलं आणि कोरडं वेगवेगळं दुप्पट करा, दोन भांड्यांत विभागा आणि दुसरं भांडं पहिला साचा बाहेर आल्यावरच कालवा. साचा दुसऱ्यांदा भरताना कोमट झालेला हवा, गरम साच्यात कडा आधीच शिजतात.

ठेवायचे ते बिनथराचे. पूर्ण गार करून हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये तीन दिवस. फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतात, प्रत्येकाला वेगळा बटर पेपर. खायच्या वेळी बाहेर अर्धा तास, मग तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये १५ सेकंदांच्या वर नको, व्हे पुन्हा आवळतं. चक्क्याचा थर खाताना लावा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बाहेर तासाभराच्या वर ठेवू नका.

कडकभाकरी:

गूळ पूर्ण काढून, मीठ अर्धा चमचा, जिरं आणि लसूण घातला तर? वर चक्का आणि शेंगा चटणी.

काटातोल:

गूळ काढलात तर ओलावा कमी पडतो. २५ मिली दूध आणि १० ग्रॅम तेल वाढवा, एक मिनिट आधी काढा. व्हे बिनचवीचं घ्या, व्हॅनिलाचं असेल तर लसूण विसरा. आणि चटणी वाढतानाच भुरभुरवा, चक्क्यावर पडून राहिली की तिचा खमंगपणा जातो.