अनुभव धागा: ‘पाडस’मधली भूक मुलांपर्यंत कशी पोचते?

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द यर्लिंग’ ही कादंबरी १९३८ची, मराठीत राम पटवर्धनांचा अनुवाद ‘पाडस’. मुलांसोबत वाचलेल्यांनी लिहा. नुसतं ‘रडू आलं’ नको, नेमकी जागा सांगा.

प्रतिसाद १
जागा मक्याची. फ्लोरिडाच्या रानातल्या बॅक्स्टर कुटुंबाची भाकरी मक्याची, घोड्याचा नि कोंबड्यांचा दाणाही तोच. आदल्या साली वादळी झडीने बरंच पीक कुजलेलं. त्यात घरातल्या ज्योडी या मुलाने पाळलेलं हरणाचं पाडस आधी तंबाखूची रोपं तुडवतं, मग मक्याचे कोंब खातं. ज्योडीचा बाप पेनी झाडाचा बुंधा उपटताना दुखावून अंथरुणाला खिळलेला. ज्योडी पुन्हा पेरतो, ओंडके फोडून कुंपण उंच करतो, पाडस तेही ओलांडतं. सगळे उपाय लेखिका आधी करून बघायला लावते, मगच बाप पाडसाला गोळी घालायला सांगतो. म्हणून त्याचा राग येत नाही, आणि हेच जास्त लागतं.

प्रतिसाद २
वाचून दाखवायचं तर दहा वर्षांच्या पुढे, एका बैठकीत आठ-दहा पानं. पाडस घरी आणल्यावरचा दुधाचा प्रसंग अजिबात गाळू नका. ज्योडी दुधात बोटं बुडवतो, पाडस ती चोखतं, मग तो हात हळूहळू दुधात खाली नेतो. इथे थांबून विचारा, हे दूध कुणाच्या वाट्याचं? आईची कुरकुर मग कजागपणा वाटत नाही.
गोळीचं पान मोठी माणसं हमखास गाळतात. आईच्या गोळीने पाडस नुसतं जखमी होतं, शेवट ज्योडीलाच करावा लागतो. ते गाळलं तर तो घर का सोडतो, तेच कळत नाही. त्याहून मोठी चूक तिथेच पुस्तक मिटण्याची. पुढे तो मोडक्या होडीत उपाशी भरकटतो, शुद्ध हरपते, टपालाची बोट त्याला उचलते. आई ज्या भुकेला भीत होती ती त्याला तेव्हा कळते.

प्रतिसाद ३
शीर्षकाबद्दल. यर्लिंग म्हणजे वर्षाचं झालेलं जनावर. पाडस तर त्याहून कोवळं. मराठी नाव गोड आहे, पण मूळ शब्द ज्योडीलाही लागू आहे. तो परत आल्यावर पेनी म्हणतो, तू आता यर्लिंग राहिला नाहीस. तेवढा अर्थ मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते वाक्य नुसतं हरणाबद्दल वाटणार नाही.