विमानाचं तिकीट बदलण्याआधी रद्दचाही हिशोब करा

विमानाच्या तिकिटाची तारीख बदलायला किती फी लागते, यावर इथे चर्चा चाललीये. त्यात ‘नॉन-रिफंडेबल तिकीट म्हणजे एक छदामही परत नाही’ असं दोघांनी लिहिलंय. हे अर्धंच खरं. बुडतं ते मूळ भाडं आणि इंधन अधिभार. यूडीएफ (विमानतळ विकास शुल्क), पीएसएफ (प्रवासी सेवा शुल्क) यांसारखी विमानतळाची शुल्कं आणि वैधानिक कर परत द्यावेच लागतात, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे. ऑफरमधलं तिकीट असो की प्रवासी विमानतळावर पोचलाच नसो, तरीही. रद्द करण्याचा आकारसुद्धा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर नेता येत नाही. फक्त शुल्क-कराचे हे पैसे बरेचदा मागावे लागतात, आणि बुकिंग साइटची कन्व्हिनियन्स फी (ऑनलाइन बुकिंगचं सेवाशुल्क) गेली ती गेलीच.

तारीख बदलण्याच्या फीवर सगळे चिडलेत, पण खरा मार जुन्या आणि नव्या तारखेच्या भाड्यातल्या फरकाचा असतो. भाचीची परीक्षा पुढे ढकलली तेव्हा तिचं पुणे-नागपूर तिकीट दिवाळीच्या तोंडावर सरकवायचं होतं. फी अधिक फरक मिळून जे सांगितलं, त्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं नवं तिकीट स्वस्त होतं! नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या एजंटनेच ते दाखवलं; जुनं रद्द केलं, कराचे पैसे आले. थोडेच होते, पण सोनेगाव विमानतळावरून घरी यायचं रिक्षाभाडं त्यात सुटलं. कंपनीने स्वतःच विमान रद्द केलं तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे फी भरायचीच नाही. पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान मागायचं.