शब्दचर्चा : लॉज, मास्टर, टायलर – फ्रीमेसन दप्तरातले शब्द मराठीत कसे आणावेत?

रावपुरा :
फ्रीमेसन म्हणजे गवंडीकामाची चिन्हं आणि विधी वापरणारी, सभासदांपुरती बंधुसंघटना; तिची एकेक शाखा म्हणजे लॉज. बडोद्यासारख्या संस्थानी गावातल्या अशा फ्रीमेसन लॉजचा आणि त्याच्या प्रमुखांचा इतिहास मराठीत लिहायचा, तर पहिल्या ओळीतच अडतं. 'लॉज' म्हटलं की वाचकाला स्टेशनासमोरचं बोर्डिंग-लॉजिंग दिसतं. त्याला मंडळ म्हणावं, सभा म्हणावं, की लॉजच ठेवावं? ठेवलं तर 'तो' की 'ती'? प्रमुखांच्या लाकडी पाटीवर नावांपुढे 'डब्ल्यू. एम.', 'आर. डब्ल्यू. एम.', 'पी. एम.' अशी अक्षरं असतात, त्यांचंही काय करायचं ते कळत नाही. 'वर्शिपफुल मास्टर'साठी 'पूजनीय गुरू' असं भाषांतर वाचनात आलं. ते खटकतं, पण दुसरा शब्द सुचत नाही.

सुरसागर :
आधी लॉज. मध्ययुगात युरोपात मोठं चर्च बांधायला घेतलं की शेजारी गवंड्यांसाठी एक छपरी उभी राहायची. हत्यारं तिथेच ठेवायची, पावसात दगड तिथेच घडायचे, जेवण आणि विश्रांतीही तिथेच. त्या छपरीचं नाव लॉज. पुढे छपरीचं नाव तिच्यात बसणाऱ्या माणसांच्या जमावाला चिकटलं. आपल्याकडे 'दरबार' शब्दाचं हेच झालं. दरबार ही जागाही, आणि दरबार भरतो तेव्हा जमलेली माणसंही.

फ्रीमेसनांच्या भाषेत लॉज म्हणजे माणसं. इमारतीला ते हॉल किंवा टेंपल म्हणतात. एकाच हॉलमध्ये वेगवेगळ्या वारी तीन-चार लॉज भरू शकतात, आणि एखादा लॉज पन्नास वर्षांत चार जागा बदलू शकतो. स्थानिक इतिहासात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इमारतीच्या कोनशिलेवरचं साल उचलून लॉजची स्थापना म्हणून छापलं जातं.

मांडवी :
लिंगाबद्दल : राहण्याचा लॉज पुल्लिंगीच आहे, तेच इथेही चालू द्या. अनेकवचनात रूप बदलत नाही, 'तीन लॉज'. मात्र 'लॉजवर' लिहू नका. 'लॉजवर गेले' म्हणजे खोली घेतली. 'लॉजमध्ये', 'लॉजच्या सभेत' असं लिहा.

सुरसागर :
बरोबर. 'मंडळ' मला नको वाटतं, कारण मंडळ कोणीही चार जणांनी काढावं. लॉज काढायला वरिष्ठ संस्थेकडून, म्हणजे ग्रँड लॉजकडून, लेखी परवानगी यावी लागते. तिला 'वॉरंट' किंवा 'चार्टर' म्हणतात. 'वॉरंट' तसंच ठेवलं तर वाचकाला वाटेल पोलीस आले. आपल्याकडे यासाठी हुकमी शब्द आहे : सनद. गायकवाडी दप्तरं वाचणाऱ्याला तो समजावूनही सांगावा लागत नाही. सनदेवर लॉजचं नाव, क्रमांक आणि सुरुवातीच्या तीन मुख्य पदाधिकाऱ्यांची नावं असतात. ती हजर नसेल तर सभा नियमाला धरून होत नाही.

त्यामुळे स्थापनेच्या तारखा किमान तीन मिळतात. अर्जाची, सनदेची आणि 'कॉन्सेक्रेशन'ची. कॉन्सेक्रेशन म्हणजे लॉज विधिपूर्वक सुरू करण्याचा समारंभ. त्याला वास्तुशांत म्हणणं चूक आहे, तिथे वास्तूचा संबंध नाही. 'स्थापनाविधी' पुरे. इंग्लिश पद्धतीत या विधीत धान्य, द्राक्षारस, तेल आणि मीठ वापरतात. भाषांतरात धान्याचा हमखास 'मका' होतो, कारण मूळ शब्द 'कॉर्न' आहे. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे धान्य, बहुधा गहू. इतिहासात सनदेची आणि स्थापनाविधीची अशा दोन्ही तारखा द्याव्यात, आणि 'स्थापना' हा शब्द कोणत्या तारखेसाठी वापरला ते एकदा सांगून टाकावं.

दांडियाबाजार :
प्रमुखांच्या अक्षरांचं मी सांगतो, कारण इथली चूक साधी दिसते आणि सगळी यादी बिघडवते.

इंग्लिश सनदेच्या लॉजचा प्रमुख 'वर्शिपफुल मास्टर', म्हणजे डब्ल्यू. एम. स्कॉटिश सनदेच्या लॉजचा प्रमुख 'राइट वर्शिपफुल मास्टर', म्हणजे आर. डब्ल्यू. एम. दोघांचं पद एकच, एका लॉजचं अध्यक्षपद. पण इंग्लिश पद्धतीत 'राइट वर्शिपफुल' हा मान जिल्ह्याच्या प्रमुखाला, म्हणजे डिस्ट्रिक्ट ग्रँड मास्टरला मिळतो. ज्याला हा फरक ठाऊक नाही तो आर. डब्ल्यू. एम. वाचतो आणि साध्या लॉजप्रमुखाला प्रांताचा प्रमुख करून टाकतो.

पश्चिम हिंदुस्थानात हे विशेष जपावं लागतं, कारण इथे स्कॉटिश सनदेचा जोर मोठा होता. मुंबईच्या सैन्यातले डॉक्टर जेम्स बर्न्स १८३६ साली स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजतर्फे पश्चिम हिंदुस्थानचे प्रांतिक प्रमुख झाले. १८४३ साली त्यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हा लॉज काढला, तोच हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठी. सुरुवातीच्या सभासदांत पारशी मंडळी पुढे होती. म्हणून मुंबई-गुजरातकडचा कागद हाती आला की आधी क्रमांकापुढची अक्षरं पाहा. ई. सी. असेल तर इंग्लिश, एस. सी. स्कॉटिश, आय. सी. आयरिश.

क्रमांकातही मेख आहे. इंग्लिश लॉजांचे क्रमांक मधूनमधून नव्याने लावले जात, शेवटचे १८६३ साली. त्याआधीच्या इंग्लिश लॉजला म्हणून दोन-तीन क्रमांक सापडतात आणि ते वेगवेगळे लॉज समजले जातात. पुढे २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर. तेव्हा प्रत्येक लॉजला नव्या संस्थेत जाण्याची किंवा जुन्या सनदेखाली राहण्याची मोकळीक होती. जे गेले त्यांना नवा क्रमांक मिळाला. क्रमांक बदलला म्हणून लॉज बंद पडला असं समजू नये.

मांडवी :
'मास्टर' मराठीत आणलं की 'मास्तर' होतं आणि शाळा डोळ्यांपुढे येते. 'अध्यक्ष' का नको?

दांडियाबाजार :
समजावताना अध्यक्ष म्हणा, पदनाम म्हणून मास्टरच ठेवा. कारण त्याच्याखाली सीनियर वॉर्डन आणि ज्युनियर वॉर्डन असतात. त्यांना उपाध्यक्ष केलंत की दोन उपाध्यक्ष होतात आणि क्रम हरवतो. मास्टर पूर्वेला बसतो, सीनियर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला. स्कॉटिश लॉजमध्ये याशिवाय डेप्युट मास्टर आणि सब्स्टिट्यूट मास्टरही असतात. ते कुणाचे 'बदली' मास्टर नव्हेत, ती स्वतंत्र पदं आहेत.

'पी. एम.' म्हणजे माजी मास्टर. मुदत एका वर्षाची असते आणि वर्ष जानेवारीत सुरू होतंच असं नाही. पाटीवर फक्त '१९०५' असेल तर तो कारभार बहुधा १९०५–०६ असा दोन सालांत पसरलेला असतो. पदग्रहणाचा महिना सभावृत्तात मिळतो, तो शोधून दोन्ही सालं लिहावीत. नाही तर लागोपाठच्या दोन मास्टरांत एक वर्ष रिकामं पडल्यासारखं दिसतं.

सुरसागर :
'वर्शिपफुल'चं भाषांतर 'पूजनीय' करणं म्हणजे अर्थ उलटा करणं. जुन्या इंग्रजीत 'वर्शिप' म्हणजे मान, योग्यता. तिथल्या नगराध्यक्षांना आणि न्यायाधीशांनाही याच शब्दाने संबोधत. तो निव्वळ मायना आहे. आपल्याकडे 'राजमान्य राजेश्री' लिहिताना तो माणूस राजाला खरोखर मान्य आहे का हे कोण तपासत होतं? तसाच हा. 'मान्यवर मास्टर' लिहा. यादीत प्रत्येक नावापुढे तेही नको, पहिल्या उल्लेखात पुरे.

पाणीगेट :
फ्रीमेसन या शब्दालाच मराठी नाव देण्याची खटपट कुणी करू नये. 'मुक्त गवंडी' हे शब्दाला शब्द ठेवणं झालं. मूळ अर्थाबद्दल एक मत असं, की 'फ्रीस्टोन' म्हणजे कोणत्याही दिशेने सारखा कापता येणारा मऊ, बारीक कणांचा दगड, तो घडणारा तो फ्रीमेसन. म्हणजे विटा रचणारा गवंडी नव्हे, आपला पाथरवट. बडोद्यात हा फरक लगेच पटेल, कारण गुजरातीत विटा रचणारा कडियो वेगळा आणि दगड घडणारा सलाट वेगळा.

हत्यारांची मराठी नावं मात्र जरूर वापरावीत, ती सगळी आपल्या गवंड्यांच्या तोंडी आहेत. फ्रीमेसनांचं चिन्ह म्हणजे 'स्क्वेअर आणि कंपासेस'. स्क्वेअर म्हणजे चौकोन नव्हे, काटकोन तपासायचा गुण्या. कंपासेस म्हणजे होकायंत्र नव्हे, कर्कटक. वर्तुळ काढायचं ते. होकायंत्राची चूक छापील पुस्तकांतही दिसते, आणि मग 'योग्य दिशा दाखवणारं चिन्ह' असा काल्पनिक अर्थही त्याला जोडला जातो. अनघड दगड आणि घडीव चिरा या जोडीला मराठीत काहीच करावं लागत नाही, शब्द तयार आहेत.

ही नावं कळली तर जुन्या फोटोतली माणसं ओळखता येतात, कारण गळ्यातल्या निळ्या पट्ट्याला पदाचं चिन्ह लोंबतं. गुण्या असेल तो मास्टर. इंग्लिश लॉजमध्ये गुण्याखाली पायथागोरसच्या प्रमेयाची आकृती लोंबत असेल तर माजी मास्टर. दोरा लोंबणारी चिन्हं बघताना सावध राहा. सीनियर वॉर्डनचं चिन्ह सपाटी पाहण्याचं. ते बुडबुड्याचं नसतं, आडव्या पायावर उभ्या केलेल्या चौकटीत दोरा लोंबतो. ज्युनियर वॉर्डनचं चिन्ह नुसती उभी पट्टी आणि दोरा, म्हणजे खरा ओळंबा. पुसट फोटोत दोन्ही सारखे दिसतात, तेव्हा खालचा आडवा पाया शोधायचा. किल्ली म्हणजे खजिनदार, एकमेकांवर ठेवलेल्या दोन लेखण्या म्हणजे चिटणीस.

एप्रनही बोलतो. सभासदत्वाच्या तीन पायऱ्या असतात. इंग्लिश पद्धतीत पहिल्या पायरीवरच्या नवशिक्याचा कोरा पांढरा, दुसऱ्या पायरीला दोन फुलं, तिसऱ्या पायरीला फिक्या निळ्या काठासह तीन फुलं. मास्टर आणि माजी मास्टर यांच्या एप्रनवर फुलांच्या जागी उलट्या इंग्रजी 'टी'सारख्या चांदीच्या पट्ट्या असतात. स्कॉटिश लॉजला स्वतःचा रंग निवडता येतो. हिरवा, तांबडा किंवा चौकटीचा काठ दिसला तर सनद स्कॉटिश असण्याची शक्यता मोठी.

रावपुरा :
हे फार उपयोगी. आणि 'टायलर'? एका यादीत त्याला 'दर्जी' केलं आहे.

पाणीगेट :
ते टेलर झालं! टायलर म्हणजे दाराबाहेर तलवार घेऊन उभा असणारा राखणदार. दाराच्या आत उभा असतो तो इनर गार्ड. टायलरचं चिन्ह एक तलवार, इनर गार्डचं दोन तलवारींची फुली. शब्द 'टाइल'वरून, म्हणजे कौलावरून आला असं मानतात. लॉज 'टाइल' झाला म्हणजे परका माणूस ऐकू शकणार नाही असा बंद झाला. मराठीत कौलं चाळून नीट बसवण्याला 'शाकारणं' म्हणतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. चोरून ऐकणाऱ्याला इंग्रजीत 'ईव्ज्ड्रॉपर' म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ वळचणीला उभा राहणारा असाच. कौल, वळचण, दारावरचा पहारा, सगळं एकाच घराचं आहे. मराठीत 'द्वारपाल' लिहावं आणि पहिल्यांदा कंसात टायलर द्यावं.

तो ज्याला बाहेर ठेवतो त्याला 'कोवन' म्हणतात. हा स्कॉटिश शब्द. चुन्याशिवाय नुसते दगड रचून गडगा घालणारा, रीतसर उमेदवारी न केलेला कारागीर.

मांडवी :
उत्तर हिंदुस्थानात लॉजला 'जादूघर' म्हणत. बंगालीत मात्र जादूघर म्हणजे वस्तुसंग्रहालय, तेव्हा कागद कुठला ते बघून अर्थ लावा. फारसी-उर्दूत 'फरामोशखाना' आहे. फरामोश म्हणजे विसरलेला. 'फ्रीमेसन'च्या उच्चाराशी जुळवून हा शब्द घडला आणि गुप्ततेचा अर्थ आपोआप त्यात बसला. पण तेहरानात १८५८च्या सुमारास मल्कम खान यांनी काढलेला फरामोशखाना कोणत्याही युरोपीय ग्रँड लॉजशी जोडलेला नव्हता. शब्द दिसला म्हणजे सनद होतीच, असं नाही.

सुरसागर :
तसंच 'लॉज' दिसला म्हणजे फ्रीमेसन, असंही नाही. थिऑसॉफिकल सोसायटी या वेगळ्या, अध्यात्मविषयक संस्थेच्या शाखांनाही लॉजच म्हणतात. जुन्या मराठी वर्तमानपत्रात 'लॉजमध्ये व्याख्यान' असं आलं तर ते बहुतेक थिऑसॉफीचं, कारण फ्रीमेसनांची सभा लोकांना खुली नसते. थिऑसॉफीच्या लॉजला प्रेसिडेंट असतो, मास्टर नसतो. यादीत बाईचं नाव असेल तर स्त्री-पुरुष दोघांना घेणारी को-मेसनरी तपासा. अॅनी बेझंट त्यात १९०२ साली पॅरिसला दाखल झाल्या आणि मग ती इकडे आली.

दांडियाबाजार :
सभासद-नोंदीतले तीन शब्द राहिले : 'इनिशिएटेड', 'पास्ड', 'रेझ्ड'. या तीन पायऱ्यांच्या तारखा आहेत. 'पास्ड १८९४' वाचून माणूस १८९४ साली वारला असं लिहिलेलं आढळतं. प्रवेश, दुसरी पायरी, तिसरी पायरी असं साधं लिहावं. 'दीक्षा' शब्दाला माझा विरोध आहे, तो धर्मांतराचा भास करून देतो. 'एक्स्क्लुडेड' म्हणजे बहुतेक वेळा वर्गणी थकल्याने नाव कमी केलं. त्यात बदनामी शोधू नये. 'जॉइनिंग मेंबर' म्हणजे दुसऱ्या लॉजमधून आलेला, त्याचा प्रवेश इथे शोधून सापडणार नाही. बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं.

मांडवी :
सालांचंही. 'ए. एल. ५८८१' असं दिसलं तर ते 'आनो ल्युसिस' हे फ्रीमेसनांचं सालगणन; साधारण ४००० वजा करायचे : १८८१. सयाजीराव महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले तेच साल. आणि ताळा करायला समोर संवत असेल तर गुजरातचा कार्तिकी, म्हणजे कार्तिकात सुरू होणारा, धरा. कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, पुढे ५६. चैत्री धरलात तर चैत्र ते आश्विन एक वर्षाने चुकाल.

सुरसागर :
नावंही उलटी आणताना जपा. इंग्रजी दप्तरात गायकवाडांचं 'गायकवार' आणि 'ग्विकोवर' होतं, रावचं 'रो' होतं. 'मल्हार रो' हे मल्हाररावच. दाखल्यात मूळ स्पेलिंग जसंच्या तसं, मजकुरात मराठी रूप.

रावपुरा :
मग पाटीवरची 'आर. डब्ल्यू. एम., १९०५, पी. एम.' ही ओळ अशी लिहिली तर? 'मान्यवर मास्टर, स्कॉटिश सनद, १९०५–०६, माजी मास्टर.'

दांडियाबाजार :
'माजी मास्टर' काढा. मुदत पूर्ण केलेला प्रत्येक जण माजी मास्टर असतो, आणि पाटी रंगवली त्या दिवशी तो तसा होता एवढंच त्या अक्षरांनी कळतं. सनद प्रत्येक ओळीत नको, यादीच्या डोक्यावर क्रमांकासह एकदाच द्या. त्या जागी पदग्रहणाचा महिना घाला.