मदत हवी आहे: दारू रक्तात असते का? धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

आजोबा हातभट्टीत गेले, वडील देशीत. वडिलांचं लिव्हर ५२व्या वर्षीच संपलं. काका आहेत, पण सकाळी चूळ भरल्याबरोबर त्यांना क्वार्टर लागते. धाकटा भाऊ २३ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. दिवाळीला घरी आला आणि फराळ करता करता सांगायला लागला, "ताई, ऑफिसच्या पार्टीत सगळे चार पेगमध्ये आडवे. मीच एकेकाला रिक्षात बसवून दिलं. आपल्याला चढतच नाही!" आईचा हात चकलीच्या सोऱ्यावर थांबला. लग्न झालं तेव्हा वडीलही हेच वाक्य बोलायचे म्हणे.

आत्याचं म्हणणं, रक्तातच आहे, कोण काय करणार. भावाचं म्हणणं, हे सगळं थोतांड. त्याने ऑनलाइन एक किट शोधलंय. लाळ पाठवायची, ते 'व्यसनाचं जनुक' आहे की नाही ते कळवतात. "रिपोर्ट निगेटिव्ह आला की तुम्ही दोघींनी गप्प बसायचं," अशी त्याची अट आहे. करू द्यावी का ही टेस्ट? आणि आत्याच्या बोलण्यात कितपत तथ्य आहे?

काळा_चहा

एक गोळी मिळते. भाजीत कुस्करून द्यायची, माणसाला कळतही नाही. दारू प्यायला की अशी उलटी होते की पुन्हा नाव घेत नाही. आमच्या शेजारी केलं होतं.

पेशीपुराण

चहावाले, कृपया हा सल्ला मागे घ्या. कारण खाली लिहितो. आधी ताईंचं.

किट घेऊ नका. 'व्यसनाचं जनुक' असं एकच काही नसतं. १९९० साली मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहकाशी (रिसेप्टरशी) संबंधित एका जनुकाचा फार गाजावाजा झाला होता, पण पुढच्या अभ्यासांत ते नातं तेवढं पक्कं ठरलं नाही. आता दिसतं ते असं की जनुकांतले असंख्य बारीक फरक मिळून माप थोडंसं इकडे-तिकडे झुकवतात. २०२३ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून दारू, तंबाखू, गांजा आणि अफूवर्गीय पदार्थ यांच्या व्यसनांना सामायिक अशा डीएनएतल्या १९ जागा सापडल्या. एकेका जागेचा वाटा अगदी किरकोळ. त्यामुळे 'निगेटिव्ह' रिपोर्टला काडीचा अर्थ नाही. आजोबा, वडील, काका ही यादी त्यापेक्षा जास्त सांगते, आणि फुकट.

आत्याबाई अर्ध्या बरोबर आहेत. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघतो. हा हिशेब समाजातल्या माणसामाणसांमधल्या फरकाचा आहे. तुमचा भाऊ 'पन्नास टक्के बेवडा' आहे असा त्याचा अर्थ होत नाही. डेन्मार्कमध्ये १९७३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आई किंवा बाप दारुडा असलेले ५५ मुलगे, लहानपणीच दत्तक दिलेले, दुसऱ्या घरी वाढलेले. त्यातल्या १० जणांना दारू लागली. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं अशा ७८ दत्तक मुलांत हा आकडा ४ होता. फरक मोठा आहेच. पण आत्यांना सांगा, ५५ मधले ४५ सुटले.

आता 'चढत नाही'. मला खरी काळजी या वाक्याची वाटते. अमेरिकेत सॅन डिएगोचे मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या मुलांना मोजून दारू दिली आणि किती चढते ते तपासलं. दहा वर्षांनी पाहिलं, तर व्यसनी बापांच्या ज्या मुलांना कमी चढली होती, त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना दारू लागलेली होती. ज्यांना जास्त चढली होती, त्यांच्यात हेच प्रमाण १४ टक्के. चौथ्या पेगला आडवं होणाऱ्या मित्राला त्याचं शरीर 'पुरे' म्हणतं. तुमच्या भावाचा भोंगाच वाजत नाही. आपल्याकडे याला कपॅसिटी म्हणून टाळ्या देतात.

आता ती गोळी. डायसल्फिरम. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनतं आणि एक विकर (एन्झाइम) ते निकामी करतं. गोळी त्या विकरालाच अडवते. मग चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. जपान, चीन, कोरियात हे विकर जन्मतःच ढिलं असलेली पुष्कळ माणसं आहेत, त्यांना प्यायल्यावर असाच त्रास होतो, म्हणून दारूचं व्यसन लागण्याचं प्रमाण कमी असतं. आपल्याकडे तो फरक क्वचित आढळतो. गोळी वाईट नाही, पण ती घेणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे. न सांगता दिली आणि माणूस नेहमीसारखा प्यायला, तर जीवही जाऊ शकतो.

उतारा_नको

नऊ वर्षं झाली मी थेंब घेतलेला नाही. माझेही वडील प्यायचे. सख्खा भाऊ आयुष्यात कधी प्यायला नाही. एकच रक्त, बघा.

भावाला "तू बाबांसारखा होशील" असं म्हणू नका. मला आईने ते शंभरदा ऐकवलं आणि मी दरवेळी त्याच रागात गुत्त्यावर गेलो. वर दिलेला ५६ चा आकडा सांगा आणि गप्प बसा.

काकांबद्दल मात्र तातडीचं. सकाळी उठून लागते म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. घरात कोंडून एकदम बंद करू नका. फिट येते, भास होतात, माणूस दगावतो. दवाखान्यात औषधांच्या आधारानेच सोडवावी लागते. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. आणि आईंसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात, त्या खास घरच्यांसाठी.

काळा_चहा

मला हे ठाऊक नव्हतं. संपादक, माझा प्रतिसाद उडवा, प्लीज.

पेशीपुराण

उडवू नका, राहू द्या. अजून चार जण तीच गोळी शोधत इथे येतील.

रानजाई

सगळ्यांचे आभार. काल भावाशी बोलले. आकडा ऐकून आधी हसला, "म्हणजे ज्याला चढते तो सेफ?" मग बराच वेळ काही बोलला नाही. सोडतो म्हणाला नाही. किटची ऑर्डर मात्र रद्द केली, आणि झोपायच्या आधी मेसेज आला: "बाबांना पहिल्यापासूनच चढत नव्हती का, आईला विचार ना."

काकांना सोमवारी नेतेय. मेडिसिनला दाखवायचं की मानसोपचार विभागात?

उतारा_नको

मानसोपचार. आणि सोमवारी सकाळी काका पिऊन आले तर ओरडू नका, तसेच न्या.