गिअरच्या गाडीचा आठ काढताना पाय टेकतोच आहे

नवशिका_२६

वय २६. सायकल लहानपणापासून येते, बाकी काहीच चालवलेलं नाही. आधारवरून घरबसल्या ऑनलाइन परीक्षा देऊन शिकाऊ लायसन्स काढलं आहे, गिअरच्या दुचाकीचं. चाचणी तीन आठवड्यांवर आहे. गाडी भावाची बीएस-६ स्प्लेंडर. आठ दिवस मैदानात रोज तासभर सराव चालू आहे.

सरळ नीट जाते. पण सुरुवातीला पहिल्या गिअरमध्ये गचका देऊन बंद पडते, पाचातून दोनदा तरी. चाचणीतला आठ (इंग्रजी 8 सारखा फेरा) काढताना पहिला गोल होतो, दुसऱ्या गोलात शिरताना डावा पाय टेकतो. आणि कधी कधी न्यूट्रलला उभी असताना काही न करता बंद पडते, हे काय आहे?

मित्र म्हणतो, एखाद्याची अ‍ॅक्टिव्हा घेऊन जा, पास हो, नंतर कोण बघतंय. तसं चालतं का?

चेनलूब

तिसरा प्रश्न आधी, कारण तो बिघाडच नाही. तुमच्या गाडीला आय-थ्री-एस असणार. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पाचेक सेकंद उभं राहिलात की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की चालू. नवा माणूस घाबरून सेल्फ मारत बसतो. हँडलवर त्याचं बटण आहे, शिकेपर्यंत बंद ठेवा. साइड स्टँडही बघत जा. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत तो खाली राहिला तर गिअर टाकताच इंजिन बंद होतं, आणि आपल्याला वाटतं क्लच चुकला.

गचक्याबद्दल. आधी केबल तपासा. क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. त्याहून ढिली असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही : गिअर ‘खाड्’ करून पडतो, न्यूट्रल सापडत नाही, गाडी पुढे ओढत राहते. अगदीच ताणलेली असेल तर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी उचलत नाही. लिव्हरपाशीच फिरवायची चकती असते, दोन मिनिटांचं काम.

मग अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता सराव. सपाट जमीन, पहिला गिअर, चारही बोटांनी क्लच हळूहळू सोडत आणा. एका ठिकाणी इंजिनचा आवाज दबतो आणि गाडी पुढे सरकू लागते. तिथेच बोटं थांबवायची. नव्वद टक्के लोक नेमकं इथेच चुकतात : गाडी हलली म्हणून खूश होऊन उरलेला क्लच एकदम सोडतात. हलल्यावर दोन सेकंद तिथेच धरा, मग सोडा. दोन्ही पाय जमिनीलगत ठेवून दहा मीटर जा, क्लच दाबा, मागचा ब्रेक, थांबा. असं रोज तीस वेळा. स्प्लेंडर नुसत्या आयडलवर आरामात चालते. क्लच तेलात बुडालेला असतो, एवढ्याने जळत नाही, पण सलग पंधरा मिनिटं अर्ध्या क्लचवर खेळलात तर गाडी थंड होऊ द्या. करपल्यासारखा वास आला तर त्या दिवशी पुरे.

मुक्कामपोस्ट

अ‍ॅक्टिव्हाचा सल्ला सोडून द्या. विनागिअर गाडीवर चाचणी दिली तर लायसन्सही विनागिअरचंच मिळणार. त्यावर स्प्लेंडर चालवणं म्हणजे कायद्याने विनालायसन्स, दंड ५,००० रुपये. दंड एक वेळ परवडला, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते. उलट गिअरवर पास झालात तर स्कूटरही त्यात येते.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि निघाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. तोवर रस्त्यावर यायचं असेल तर पुढेमागे ‘एल’ची पाटी हवी. नियमात मापही आहे : १८ बाय १८ सेंमीची पांढरी पाटी, त्यावर किमान १० सेंमी उंच लाल अक्षर. नंबरप्लेटच्या कोपऱ्यातलं दोन इंची स्टिकर त्यात बसत नाही. मागे बसवायचं तर पक्कं लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्यालाच, इतर कुणाला नाही.

चाचणीच्या दिवशी शिकाऊ लायसन्स, अपॉइंटमेंटची प्रिंट, गाडीचं आरसी, चालू विमा, चालू पीयूसी. भावाची गाडी चालते, कागद मुदतीत हवेत. पीयूसी संपलेली असते आणि माणूस रांगेतून परत जातो, हे अगदी नेहमीचं. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेला. पायात बूट, चप्पल नको. इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक लाइट आदल्या दिवशी बघून घ्या. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झाल्यावर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

आडवाटकर

आता आठ. दुसऱ्या गोलात पाय टेकतो कारण मधल्या फुलीवर हँडल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं, त्या क्षणी माणूस पुढच्या चाकाकडे बघतो आणि घाबरून क्लच पूर्ण दाबतो. ओढ गेली की गाडी आत पडते. टेकणारा पाय नेहमी आतल्या बाजूचा असतो. तुमचा डावा टेकतो, म्हणजे दुसरा गोल डावीकडचा आहे.

पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या २० फुटांवर ठेवा. प्रत्येकीभोवती साधारण १० फूट त्रिज्येचा गोल मिळतो. सलग दहा आठ पाय न टेकता निघाले की १६ फुटांवर आणा. त्याहून जवळ नको, हँडल जवळजवळ लॉकला लागतं आणि नवशिक्याचा तोल तिथे जातोच.

नजर चाकावर नाही, पुढच्या बाटलीच्या पलीकडे. फुलीवर पोहोचण्याआधीच मान वळलेली हवी. अंग सरळ, गाडी आत कलू द्या. उजव्या हाताने अ‍ॅक्सिलरेटर एका जागी धरायचा, वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून सांभाळायचा. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढूनच टाका. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की गाडी तिथल्या तिथे आडवी होते. ११२ किलोची स्प्लेंडर असली तरी त्या कोनात एका पायाने सावरत नाही.

चेनलूब

एक भर. आठ दुसऱ्या गिअरवर काढा. पहिल्यात अ‍ॅक्सिलरेटर केसभर हलला तरी गाडी उसळते.

आडवाटकर

अनुभवी माणसाला दुसरा ठीक. नवशिक्याचा वेग फुलीवर पडतो, तिथे दुसऱ्यात इंजिन धडधडून बंद पडतं. मी पहिलाच सांगेन, क्लच अर्धा धरून.

चेनलूब

मान्य, पण २० फुटांच्या गोलात दुसरा नक्की जमतो, कारण वेग तेवढा टिकतो. दोन्ही करून बघा, ज्यात इंजिनचा आवाज एकसारखा राहतो तो घ्या. चाचणीला जाताना इंजिन गरम करून न्या, थंड इंजिनचा आयडल वरखाली होतो.

नवशिका_२६

केबल खरंच ढिली होती, लिव्हर बोटभर नुसतीच हलत होती. आवळली, आता न्यूट्रल पटकन सापडतं. बाटल्या उद्या. एक शंका : माझ्या गाडीचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, क्लासच्या पल्सरचा पहिला खाली आणि बाकी वर. चाचणीला क्लासवाला स्वतःची गाडी देतो म्हणतोय.

मुक्कामपोस्ट

घेऊ नका. गडबडीत पाय सवयीने पुढे दाबणार, तिकडे गिअर वाढण्याऐवजी पहिल्यात पडून गाडी गचकन अडणार. स्प्लेंडरच न्या. आणि आधारवरचा पत्ता आत्ताच तपासा, कार्ड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतं. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकरमधलं चालतं.